खिशातला चाकू : पोलाद, कोन आणि कायदा

घडीचा चाकू विकत घ्यायचा म्हणून तुम्ही दुकानाचं पान उघडलंत की फोटोखाली अशी एक ओळ दिसते : 'एस३५व्हीएन, ५९-६१ एचआरसी, फुल फ्लॅट ग्राइंड, टायटॅनियम फ्रेम लॉक, ८६ मि.मी.' किंमत १८० डॉलर. शेजारीच जवळपास तसाच दिसणारा, तेवढ्याच लांबीचा दुसरा चाकू ५५ डॉलरला असतो. या सव्वाशे डॉलरच्या फरकात नेमकं काय मिळतं? थोडं पोलाद मिळतं, थोडी कारागिरी मिळते, बरंचसं नाव मिळतं. आणि कधीकधी असं काहीतरी मिळतं जे तुम्ही राहता त्या शहरात खिशात ठेवणं गुन्हा आहे. ही ओळ नीट वाचता आली तर पैसे वाचतात आणि बोटंही वाचतात. म्हणून आज तीच वाचायला शिकू.

आपल्यातल्या अनेकांना या विषयाचा जरा संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. खिशात चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला रामपुरी येतो. घरात चाकू-सुरी असते ती ओट्यावर. अंगावर बाळगतो तो गुंड. इथे अमेरिकेत मात्र खोकी उघडणं, दोरी कापणं, पिकनिकला सफरचंद चिरणं यासाठी खिशात छोटा चाकू ठेवणारे भरपूर लोक भेटतात. रोज जवळ बाळगायच्या अशा वस्तूंना 'एव्हरीडे कॅरी', थोडक्यात ईडीसी म्हणतात. आधी एक घेतला जातो, मग दुसरा, आणि मग ड्रॉवरमध्ये एक संग्रह तयार होतो. हा लेख त्या पहिल्या-दुसऱ्या चाकूसाठी आहे. 'मधली किंमत' म्हणजे मी साधारण ५० ते २०० डॉलर धरतो आहे. त्याखाली चांगले चाकू नाहीत असं नाही (व्हिक्टोरिनॉक्स आणि ओपिनेल आहेतच), पण निवडीचा घोळ होतो तो याच पट्ट्यात.

आधी कायदा

पोलादाच्या आधी कायदा, कारण लॉक कोणता घ्यायचा आणि पातं किती लांब हे तोच ठरवतो. शिवाय आपल्यापैकी बरेच जण व्हिसावर आहेत. इथल्या नागरिकाला दंड भरून सुटता येईल अशी नोंदही आपल्या पुढच्या प्रत्येक अर्जात 'तुम्हाला कधी अटक झाली आहे का?' या रकान्यात येऊन बसते. ७० डॉलरच्या वस्तूसाठी हा धोका फार महाग आहे.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी नियम सर्वांत कडक आणि सर्वांत स्पष्ट आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या कलम १३९ नुसार सार्वजनिक जागी पात्याची वस्तू बाळगायला सबळ कारण लागतं. सूट फक्त घडीच्या खिशातल्या चाकूला, आणि तीही धार ३ इंचांपेक्षा (७.६२ से.मी.) जास्त नसेल तर. इथे खाच अशी की उघडल्यावर लॉक होणारा चाकू 'घडीचा' धरला जात नाही; १९९३ साली न्यायालयाने हे स्पष्ट केलं. म्हणजे अडीच इंची पात्याचा, पण लॉक असलेला चाकू 'असू दे जवळ' म्हणून खिशात ठेवला तरी गुन्हा होतो. त्यासाठी कमाल शिक्षा चार वर्षं तुरुंगवास आहे. 'स्वसंरक्षणासाठी' हे सबळ कारण धरत नाहीत, उलट ते उत्तर तुमच्याच अंगाशी येतं. तेव्हा लंडन किंवा लेस्टरमध्ये राहत असाल तर बिनलॉकचा, नुसत्या पट्टीच्या दाबावर उघडा राहणारा चाकू घ्या. स्पायडरको कंपनीने 'यूके पेननाइफ' नावाचं असं मॉडेलच काढलं होतं. लॉकचे चाकू संग्रहात घरी ठेवता येतात. फक्त झटक्याने किंवा बटणाने उघडणारे घेऊ नका. ते आता घरात ठेवणंही बेकायदा आहे.

जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू रस्त्यावर बाळगायला रास्त कारण लागतं, आणि २०२४ नंतर नियम आणखी आवळले आहेत. अंगठ्याने उघडायचं भोक किंवा खुंटी हीच तर आजच्या बहुतेक ईडीसी चाकूंची ओळख आहे, त्यामुळे तिथे निवड फार कमी उरते. दोन हातांनी उघडायचा ओपिनेल बरा.

अमेरिकेत राज्यागणिक आणि शहरागणिक नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्क शहरात ४ इंच किंवा त्याहून लांब पातं बाळगता येत नाही, आणि लहान चाकूही उघडपणे दिसता कामा नये. खिशाबाहेर दिसणारी क्लिपसुद्धा पोलिसांच्या नजरेत येऊ शकते. शिकागोत मर्यादा अडीच इंच आहे. संघराज्य सरकारच्या इमारतींतही अडीच इंचांचीच रेघ आहे, म्हणजे पोस्टात किंवा सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत जाताना खिसा तपासायला हवा. विद्यापीठांचे स्वतःचे नियम असतात आणि ते राज्याच्या कायद्याहून बरेचदा कडक असतात. विद्यार्थ्यांनी ते आधी वाचावेत. आखाती देशांत राहणाऱ्यांना मी इतकंच सांगेन : तिथला नियम स्थानिक माहितगाराला विचारल्याशिवाय मागवू नका.

पोलादाची ओळ

आता गाभ्याकडे. चाकूच्या पोलादाकडे आपण चार मागण्या एकदम करतो : धार टिकावी, पातं तुटू नये, गंजू नये, आणि बोथट झालं की घरच्या घरी धार लावता यावी. या मागण्या एकमेकींशी भांडतात. पोलादाचं प्रत्येक नाव म्हणजे त्या भांडणात केलेली एक तडजोड असते.

शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात अर्धा ते दीड टक्का कार्बन घातला आणि ते लाल-पिवळं होईपर्यंत तापवलं (स्टेनलेससाठी साधारण १०५० अंश सेल्सियस) की कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत मुरतात. मग ते झटकन थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, जाळी ताणली जाते, आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कडक रचना तयार होते. आपले लोहार कोयत्याला 'पाणी देतात' ते हेच. नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून थोडं सैलावतात. आजच्या स्टेनलेस पोलादांना खरं तर पाणी लागत नाही, हवेच्या किंवा वायूच्या झोतानेही ती कडक होतात. पण शब्द तोच वापरायला काही हरकत नाही.

'एचआरसी' हा या पाण्याचा हिशोब आहे. रॉकवेल चाचणीत हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादात दाबतात आणि तो किती आत गेला ते मोजतात. या मापात एक अंक म्हणजे खोलीतला २ मायक्रॉनचा फरक. म्हणजे ५८ आणि ६१ मधलं अंतर अवघं ६ मायक्रॉन! तरीही वापरताना ते जाणवतं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं ५६ च्या आसपास असतं : धार लवकर जाते, पण बशीच्या पाठीवर घासूनही परत येते. मधल्या किमतीतले बहुतेक चाकू ५८ ते ६२ मध्ये असतात. दुकानाने हा आकडा दिलाच नसेल तर मला तो चाकू संशयास्पद वाटतो. पोलादाचं नाव शिक्क्याने उमटवता येतं. पाणी नीट दिलंय की नाही हे शिक्क्यावरून कळत नाही. नावाजलेल्या कंपनीला आपण जादा पैसे देतो त्यातला खरा वसूल होणारा भाग हाच आहे.

पण दोन पोलादांचा कडकपणा सारखा असूनही एकाची धार दुप्पट टिकू शकते. याचं कारण कार्बाइड. क्रोमियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम हे धातू कार्बनला पकडून अतिशय कठीण कण बनवतात. काँक्रीटमध्ये जशी सिमेंटमध्ये खडी असते तसे हे कण मार्टेन्साइटमध्ये विखुरलेले असतात. व्हिकर्स मापात ६० एचआरसीचं मार्टेन्साइट साधारण ७०० भरतं, क्रोमियम कार्बाइड पंधराशेच्या पुढे, आणि व्हॅनेडियम कार्बाइड अडीच हजारांहून जास्त. पुठ्ठा कापताना त्यातली बारीक धूळ-वाळू धार खरवडत असते; तिला हे कण अडवतात. म्हणून 'एस३०व्ही' (कार्बन १.४५ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४) हे पोलाद २००१ च्या सुमारास आलं तेव्हा चाकूवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं.

याची किंमत धार लावताना चुकवावी लागते. घरातला धार लावायचा दगड बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो आणि तो व्हॅनेडियम कार्बाइडपेक्षा मऊ असतो. दगड सिमेंट घासतो, खडी तशीच राहते. त्यावर तासभर घासूनही समाधान होत नाही. मग हिऱ्याची पट्टी घ्यावी लागते. १५० डॉलरचा चाकू घेणाऱ्याने त्यातच ४०-५० डॉलर पट्टीचे धरायला हवेत. दुकानदार हे सांगत नाही.

कणांचा आकारही महत्त्वाचा आहे. खडीसाखर कशी होते आठवा : पाक निवांत थंड होऊ दिला की मोठे खडे धरतात, घोटत राहिलं की दाणा बारीक होतो. पोलादाचंही तसंच आहे. मोठ्या ओतीव गोळ्यात ते सावकाश गोठतं आणि कार्बाइडचे कण २०-३० मायक्रॉनचे होतात. 'डी२' हे मूळचं साच्यांचं आणि हत्यारांचं पोलाद या जातीचं. ५०-७० डॉलरच्या बऱ्याच चाकूंत तेच असतं. चांगली धार एक मायक्रॉनहूनही बारीक असते. म्हणजे धारेपेक्षा खडीच मोठी! असा कण निखळला की धारेला दात पडतो. यावर उपाय म्हणजे पावडर पद्धत. वितळलेलं पोलाद नायट्रोजनच्या झोताने फवारायचं, थेंब क्षणात गोठतात, आणि ती भुकटी उष्णता व दाब देऊन परत एकजीव करायची. यात कण २ ते ४ मायक्रॉनचे राहतात. एस३०व्ही, एस३५व्हीएन ही पोलादं अशी बनतात, म्हणूनच महाग पडतात.

गंजाचा हिशोब तर उलटाच आहे. जाहिरातीत क्रोमियमची टक्केवारी मिरवतात, पण गंज अडवतं ते फक्त विरघळलेलं क्रोमियम. कार्बाइडमध्ये अडकलेलं त्या कामाचं नाही. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये बांधलेलं, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात डी२ वर तांबूस ठिपके येतात. याउलट धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचलेलं आणि २०२१ साली बाजारात आलेलं 'मॅग्नाकट' पाहा. त्यात क्रोमियम अवघं १०.७ टक्के आहे. पण रचनाच अशी की पाणी दिल्यानंतर क्रोमियम कार्बाइड उरतच नाहीत, कण बनवायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियमकडे, आणि जवळजवळ सगळं क्रोमियम गंजाशी लढायला मोकळं. १४ टक्केवाल्या अनेक पोलादांपेक्षा ते कमी गंजतं. चिवटही आहे. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली ही चाकूच्या पोलादातली सर्वांत सुंदर कल्पना आहे. फक्त ते २०० डॉलरच्या आत मिळवायला थोडं शोधावं लागतं.

जाता जाता 'डमास्कस'बद्दल. लाटालाटांची नक्षी असलेलं पातं ६० डॉलरला दिसलं की नवा संग्राहक हमखास विरघळतो. आज विकलं जातं ते दोन पोलादांच्या पट्ट्या थरावर थर ठोकून, घड्या घालून आणि आम्लात बुडवून नक्षी उठवलेलं पोलाद. जुन्या दमास्कसच्या तलवारींचं पोलाद वेगळं होतं : दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून जाणारं मुशीतलं वुट्झ. जॉन व्हरहोवेन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की त्यातली नक्षी कार्बाइडच्या रांगांमुळे उठते, आणि त्या रांगा लागायला धातुकातल्या व्हॅनेडियमसारख्या घटकांचा नुसता अंश पुरतो. तेच व्हॅनेडियम, ज्याच्या चार टक्क्यांसाठी आपण आज पैसे मोजतो. स्वस्त 'डमास्कस'च्या वर्णनात मात्र थरांची संख्या असते, पोलादांची नावं नसतात. तो घेऊ नका.

कोन

इतकं पोलादपुराण ऐकवल्यावर एक कबूल करायला हवं : रोजच्या कापण्यात पोलादापेक्षा आकार जास्त बोलतो. गाजर चिरून पाहा. जाड पातं गाजर कापत नाही, पाचरीसारखं फोडतं. शेवटी 'कट्' आवाज येतो. पातळ पातं शांतपणे पार जातं. आजीची विळी सुरेख चालायची ती साध्या कार्बन पोलादावरच. दुकानाच्या पानावर पात्याची जाडी शोधा. बेंचमेडचं बगआउट २.३ मि.मी. आहे, स्पायडरकोचं डेलिका २.५, तर त्याच कंपनीचं पॅरा मिलिटरी २ साडेतीनच्या वर. शेवटचं दणकट आहे, पण लंच बॉक्समधल्या सफरचंदासाठी पहिली दोन जास्त गोड.

धारेचा कोनही तसाच. बहुतेक चाकू दोन्ही बाजूंचा मिळून ३५ ते ४० अंशांचा कोन घेऊन येतात, कारण कंपनीला धार मोडल्याच्या तक्रारी नको असतात. शेफील्डच्या काट्रा या संस्थेचं एक यंत्र आहे : ते ५ टक्के वाळू मिसळलेल्या कागदी पुठ्ठ्याचा गठ्ठा ठरावीक दाबाने कापतं आणि धार किती मिलिमीटर कापून दमली ते मोजतं. थॉमस यांनी या यंत्रावर डझनावारी पोलादं तपासली. त्यांच्या आकडेमोडीनुसार एकूण कोन एका अंशाने कमी करण्याचा फायदा कडकपणा एक एचआरसीने वाढवण्याच्या जवळपास बरोबरीचा आहे. म्हणजे ४० अंशांची धार घासून ३२ वर आणलीत तर फुकटात आठ एचआरसीचा फायदा! एचआरसी विकत घेऊन तो मिळवायला गेलात तर असं पोलादच सापडणार नाही.

मग सगळेच १५ अंश का ठेवत नाहीत? त्याचं उत्तर एका दाढीच्या पात्यात आहे. २०२० साली एमआयटीतल्या सेम तासान यांच्या गटाने 'सायन्स' या पत्रिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा की केस पात्याच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी पातं बोथट का होतं? त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने केस कापून पाहिले. धार झिजत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते, आणि तेही विशिष्ट परिस्थितीत : केस वाकून धारेवर तिरका भार पडला, आणि तो भार नेमका पोलादाच्या कमी-जास्त कडक भागांच्या सीमेवर पडला, तर. यातले दोन धडे आपल्या खिशापर्यंत येतात. पातळ धार सरळ कापण्याने जात नाही, ती वाकडं पिळण्याने जाते. म्हणून चाकू डबा उघडायला किंवा स्क्रू फिरवायला वापरू नका. आणि रचना जितकी एकसारखी तितका कोन बारीक करता येतो. '१४सी२८एन' हे स्वीडिश पोलाद (कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, थोडं नायट्रोजन) म्हणूनच मला आवडतं. ते दाढीच्या पात्यांच्या घराण्यातलं आहे : कण बारीक, गंज कमी, ३० अंशांची धार आरामात पेलतं, साध्या दगडावर दहा मिनिटांत परत येतं. धार एस३०व्हीइतकी टिकत नाही, पण ६०-८० डॉलरमध्ये मिळतं.

लॉक

लॉक फसला तर पातं मिटतं ते सरळ तुमच्या बोटांवर. म्हणून इथे कंजुषी नको. लायनर लॉक आणि फ्रेम लॉकमध्ये एक धातूची पट्टी वाकून पात्याच्या मागच्या तिरक्या कडेखाली येऊन बसते. ही पाचर आहे, आणि पाचर निसटू नये याची अट आपण बारावीत शिकलो : उताराचा कोन घर्षणकोनापेक्षा लहान हवा. कोरड्या धातूवर धातूचा घर्षणगुणांक ०.१५ धरला तर घर्षणकोन साडेआठ अंश येतो; म्हणून कारागीर ती कड सात-आठ अंशांची ठेवतात. अर्धा अंश जास्त झाला तर दाबाखाली पट्टी निसटू शकते, फार कमी झाला तर ती चिकटून बसते आणि नखाने ओढून काढावी लागते. स्वस्त चाकूत नेमका हाच अर्धा अंश चुकतो. याच कारणासाठी तेल फक्त बिजागरीच्या खिळ्याला द्या, लॉकच्या तोंडाला नको.

चाकू हातात आला की तपासायचं कसं? उघडा, पट्टी पात्याखाली पुरती आली आहे का पाहा, आणि बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने मूठ धरून पात्याच्या पाठीवर हाताने दाब द्या. मग पातं डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवली तर परत पाठवा. टेबलावर पाठ आपटून पाहायची एक रीत आहे, ती टाळा. त्याने चांगला लॉकही बिघडतो.

बेंचमेडचा अ‍ॅक्सिस लॉक वेगळा : एक आडवी दांडी स्प्रिंगने पुढे येऊन पात्याला अडवते. मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येत नाही आणि डावखुऱ्यांनाही चालतो. त्याचं पेटंट संपल्यामुळे तशी रचना आता बऱ्याच कंपन्या देतात, स्वस्तातही. डेलिकाचा मागच्या पाठीवर दाबायचा लॉक जुना, साधा आणि भरवशाचा आहे. पहिल्या चाकूसाठी मी या दोन्हींपैकी एक सुचवेन. फ्रेम लॉक दुसऱ्या चाकूला.

मुठीबद्दल थोडक्यात. जी-१० म्हणजे काचतंतू आणि एपॉक्सी, मायकार्टा म्हणजे कापड किंवा कागद आणि राळ, एफआरएन म्हणजे काचतंतू घातलेलं नायलॉन. तिन्ही उत्तम. टायटॅनियम देखणं आहे, मिनेसोटाच्या हिवाळ्यात बोटाला चटका देतं.

मग घ्यायचा कोणता

अमेरिकेतल्या वाचकाने मला एकच नाव विचारलं तर मी डेलिका ४ म्हणेन. पातं तीन इंचांच्या आत, व्हीजी-१० हे जपानी पोलाद, पातळ, हलका, आणि तो आवडला नाही तरी लगेच विकला जातो. शंभराच्या खाली राहायचं असेल तर १४सी२८एनचं पातं असलेला कोणताही नीट बनवलेला चाकू. चीनमधल्या यांगजियांगच्या कारखान्यांतून आज इतकी सफाईदार कामं येतात की 'चिनी माल' हा शब्द इथे उपयोगाचा नाही. सिव्हिव्हीचं एलिमेंटम उघडून-मिटून पाहा म्हणजे कळेल. बगआउट दोनशेच्या जवळ जातं. अवघं ५२ ग्रॅम असल्यामुळे ते खिशात आहे हेच विसरायला होतं, पण मूठ दाबली की थोडी लवते आणि त्या किमतीला काहींना ते खटकतं. मला खटकत नाही. पॅरा मिलिटरी २ चं कौतुक सगळीकडे ऐकाल. त्याच्याआधी त्याची नक्कल बाजारात दिसते, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. निम्म्या किमतीत 'नवाकोरा, डबा नाही' असं लिहिलं असेल तर तो बहुधा नकलीच.

संग्रह करायचाच असेल तर रंग आणि मर्यादित आवृत्त्यांच्या मागे लागण्याआधी एखादा प्रश्न घेऊन संग्रह करा. स्पायडरकोची 'म्यूल टीम' नावाची मालिका आहे : एकाच आकाराचं, मूठ नसलेलं पातं, दर वेळी वेगळ्या पोलादाचं. प्रयोगशास्त्रात ज्याला आपण एकच चल बदलणं म्हणतो ते आयतं हातात येतं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं दालन पाहिलं असेल तर तुम्हाला हे पटेल. काम एकच, सुपारी कातरायचं, आणि त्याला माणसांनी दिलेली शेकडो उत्तरं शेजारी शेजारी मांडलेली. ती रांग बघण्यात मजा आहे, सुटा अडकित्ता बघण्यात तेवढी नाही.

घरी करता येण्याजोगी एक चाचणीही सांगतो. दोन चाकूंना एकाच दगडावर, एकाच कोनात धार लावा. कोन मोजायला फोनमधलं साधं ॲप पुरतं. मग एकाच खोक्याचा पुठ्ठा दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापत जा, दर वीस पट्ट्यांनंतर वर्तमानपत्राच्या कागदावर धार तपासा, आणि कागद पहिल्यांदा फाटला तो आकडा लिहून ठेवा. प्रत्येक चाकूला तीनदा तरी करा. एकाच चाकूचे तीन आकडे एकमेकांपासून किती लांब पडतात ते आधी पाहा, आणि मगच दोन चाकूंची तुलना करा. बोटांवर कापाला दाद न देणारा हातमोजा घाला, पुठ्ठा नेहमी अंगापासून दूर कापा.

आणि डिसेंबरात भारतात जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत, जाड कागदात गुंडाळून. विमानतळावर सुरक्षेच्या पेटीत टाकलेला चाकू परत मिळत नाही.